खेळाडूंस विद्यार्थ्यांची भेट

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत कार्यानुभव ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी सूचना केंद्रप्रमुख साहेबांनी केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. ह्या विषयावर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी येथे पुष्कळ आहेत. परंतु गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक लहानसा उपक्रम घडला. त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती मुलांसमक्ष सुधारावी लागली, आणि त्या सुधारणेतून मुलांपेक्षा मीच अधिक शिकलो. यशाच्या हकिकती आपण नेहमी ऐकतो. एखादी चुकीची हकिकतही सहकाऱ्यांस उपयोगी पडेल, ह्या भरवशावर मी आपणांपुढे उभा आहे.

उपक्रम असा : खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांपासून निशाणाच्या आकाराच्या किल्लीसाखळ्या, म्हणजे मुले ज्यांस कीचेन म्हणतात त्या, तयार करून शाळेच्या खो-खो संघातील मुलींस भेट देणे. ऐकताना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. तिचा उगम मात्र क्षुल्लक नव्हता.

आमच्या संघात बारा मुली होत्या. नऊ मैदानात उतरत आणि तिघी राखीव असत. त्यांपैकी सातवीतील एक मुलगी घराची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बाळगीत असे. आईवडील पहाटे मजुरीस जात आणि दिवे लागल्यावर परतत; तोवर घर तिच्या स्वाधीन. सरावाच्या वेळी ती किल्ली माझ्या हाती देई आणि पळावयास जाई. एके दिवशी ती द्यावयास विसरली. सूर मारताना दोरा तुटला आणि किल्ली मैदानाच्या मातीत कोठेतरी पडली. अंधार पडेपर्यंत संघातील मुली, चौथीपाचवीची मुले आणि मी, सर्वांनी मैदान पालथे घातले. किल्ली सापडली नाही. शेवटी तिच्या वडिलांनी दगडाने कुलूप फोडले. ते कोणास रागे भरले नाहीत. “दिवसाची मजुरी कुलपात गेली,” एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात मुलांत चर्चा चालली होती. एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, किल्लीला काहीतरी रंगीत, मोठं बांधलं असतं तर ती मातीत दिसली असती.” विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेली अडचण आणि स्वतः काढलेला उपाय! १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला. त्या विचाराचा गाभा हाच नव्हे काय? काम आधी, धडा मागून. आता अशी संधी दवडणे योग्य नव्हते.

एका मुलीस द्यावयाचे तर बाकीच्या अकरा जणींस का नको, असा प्रश्न मुलांनीच काढला. संघ तालुका स्पर्धेस जावयाचा होता. तेव्हा सर्व बारा जणींस स्पर्धेपूर्वी शाळेची आठवण म्हणून एकेक किल्लीसाखळी द्यावी, असे ठरले. ज्यांच्यापाशी किल्ली नाही त्या दप्तराच्या साखळपट्टीस ती बांधतील.

ठोकळ्यांविषयी थोडेसे

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यास नोकरीस आहे. त्याच्या मुलांनी खेळून टाकलेल्या ठोकळ्यांची एक पिशवी त्याने शाळेस दिली होती, आणि ती कपाटात पडून होती. हे ठोकळे एकमेकांत घट्ट बसतात. डेन्मार्क देशातील बिलुंड ह्या गावी ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या एका सुताराने १९३२ च्या मंदीच्या काळात लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. त्याच्या कारखान्याचे लेगो हे नाव ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून बनले. आज आपण पाहतो त्या रचनेच्या ठोकळ्याच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. पुढे इतरांनीही तसे ठोकळे काढले. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, इतके त्यांचे माप काटेकोर आहे.

हे माप शिक्षकाने अवश्य समजून घ्यावे. ठोकळ्याच्या वरच्या बाजूस वाटोळे उंचवटे असतात. आमची मुले त्यांस ‘डोळे’ म्हणतात. एका डोळ्याच्या मध्यापासून शेजारच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत अंतर बरोबर ८ मिलीमीटर. पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६ मिलीमीटर आणि पातळ ठोकळ्याची ३.२ मिलीमीटर, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. आठ डोळ्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते किती प्रकारे जोडता येतील, ह्याचा हिशेब गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने केला, तेव्हा उत्तर ९१,५१,०३,७६५ आले. फळ्यावर ही संख्या लिहून वाचावयास सांगितली, तर स्थानिक किमतीचा पाठ आपोआप होतो.

माझी चूक

निशाण म्हटल्याबरोबर मुलांच्या डोळ्यांपुढे तिरंगा आला, आणि माझ्याही. केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पातळ ठोकळे एकावर एक बसवावयाचे, पांढऱ्यावर निळ्या शाईने टिंब द्यावयाचे आणि केशरी पट्टीवर खेळाडू मुलीचे नाव लिहावयाचे. दोन नमुने तयार झाले. दिसावयास ते सुरेख होते. मी मोठ्या हौसेने ते आमच्या गावातील एका वयोवृद्ध निवृत्त मुख्याध्यापकांस दाखविले. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि शांतपणे विचारले, “गुरुजी, ही किल्ली राहणार कोठे?” मी म्हणालो, “खिशात, दप्तरात.” ते म्हणाले, “आणि पडणार कोठे?” मी निरुत्तर झालो. किल्ली मातीत पडली, म्हणून तर हा सारा खटाटोप होता!

घरी येऊन मी ध्वजसंहिता काढून वाचली. दर २६ जानेवारीस आणि १५ ऑगस्टला आपण ध्वज फडकावतो, परंतु ही संहिता आपल्यापैकी कितीजणांनी पूर्ण वाचली असेल? मी वाचली नव्हती, हे प्रांजळपणे सांगतो. म्हणून तिच्यातील आपल्या कामाचा भाग येथे सांगतो.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आपला राष्ट्रध्वज स्वीकारला. त्याची लांबी आणि उंची ह्यांचे प्रमाण ३ : २ असते. तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे, केशरी वर, आणि मध्ये गडद निळ्या रंगाचे चोवीस आऱ्यांचे चक्र. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून अमलात आहे. तिच्यात दिलेल्या ठराविक आकारांपैकी सर्वांत लहान आकार १५० × १०० मिलीमीटर आहे. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा १९७१ सालचा आहे. त्या कायद्यात राष्ट्रध्वज ह्या शब्दात ध्वजाचे किंवा त्याच्या एखाद्या भागाचे, कोणत्याही पदार्थाचे बनविलेले दृश्य रूपही येते. म्हणजे कापडाचा नाही, प्लॅस्टिकचा आहे, ही सबब चालणार नाही. ध्वजावर कोणतीही अक्षरे लिहू नयेत, तो उशीवर, रुमालावर काढू नये, कमरेखालील वस्त्रावर वापरू नये, हेतुपुरस्सर जमिनीस लागू देऊ नये, असे हे नियम आहेत. त्यांत किल्लीसाखळीचे नाव कोठे घेतलेले नाही, हे खरे. परंतु जी वस्तू पाटलोणीच्या खिशात राहावयाची, मातीत पडावयाची आणि जिच्यावर नाव लिहावयाचे, ती ह्या नियमांच्या भावनेत कशी बसावी?

शिवाय प्लॅस्टिकचे ध्वज वापरू नयेत, कारण ते कागदाप्रमाणे कुजून मातीस मिळत नाहीत आणि त्यांचा मान राखून विल्हेवाट लावणे कठीण जाते, अशा सूचना गृह मंत्रालयाकडून वेळोवेळी येतात. ह्याउलट खादीच्या ध्वजाशी आपल्या मराठवाड्याचे जवळचे नाते आहे. नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, हे आपण मुलांस अभिमानाने सांगावे.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. देशात १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य आले, तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. येथे तिरंगा हाती घेणे म्हणजे तुरुंगवास ओढवून घेणे होते. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे असंख्य सहकारी त्यासाठी बंदीवासात गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने आत आले आणि त्याच दिवशी नळदुर्ग त्यांच्या ताब्यात आला. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. ज्या भूमीत ह्या ध्वजासाठी माणसांनी घरदार पणास लावले, त्या भूमीतील शाळेने तो किल्लीच्या कडीत अडकवावा, हे मला पटेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो आणि सांगितले, “मुलांनो, माझे चुकले.” मुले क्षणभर स्तब्ध झाली. मग मी त्यांस नियम आणि त्यामागील इतिहास सांगितला. ते दोन्ही नमुने आम्ही सर्वांसमक्ष सुटे केले. पांढऱ्यावरचे निळे टिंब आणि केशरीवरचे नाव पुसून ठोकळे पिशवीत ठेवले. बंधूंनो, ध्वजाविषयी आदर बाळगा, असे मी इतकी वर्षे सांगत आलो. परंतु त्या दहा मिनिटांत मुलांच्या मनावर जे उमटले, ते माझ्या सांगण्याने कधी उमटले नसावे.

मापाचा धडा

एका मुलीने मात्र शंका काढली : “गुरुजी, नियम नसता, तर तो आपला ध्वज बरोबर झाला असता का?” ही शंका गणिताची होती. आम्ही मोजून पाहिले. तीन पातळ ठोकळे एकावर एक ठेवले की उंची ९.६ मिलीमीटर, दोन डोळ्यांची लांबी १६ मिलीमीटर. हे प्रमाण ५ : ३ भरते, ३ : २ नव्हे. मग सर्वांत लहान बरोबर ध्वज कोणता? सपाट मांडणीत तीन सारखे पट्टे हवेत, म्हणून रुंदीचे डोळे तिनाच्या पटीत हवेत. तीन घेतले तर लांबी साडेचार डोळे येते, आणि अर्धा डोळा मिळत नाही. म्हणून सहा घ्यावे लागतात आणि लांबी नऊ. नऊ डोळे म्हणजे ७२ मिलीमीटर, सहा डोळे म्हणजे ४८ मिलीमीटर. उभ्या मांडणीतही पंधरा पातळ थर आणि नऊ डोळे घेतल्यावरच, म्हणजे पुन्हा ७२ × ४८ वरच, प्रमाण जुळते. एवढी मोठी वस्तू किल्लीस शोभत नाही, आणि तिच्यावर चोवीस आऱ्यांचे चक्र तर मुळीच उमटत नाही. गुणोत्तर आणि प्रमाण हा पाठ मी अनेक वर्षे शिकविला. तो स्वतः विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मुले शिकली, हे प्रथमच घडले.

मग ठरले की राष्ट्राचे नव्हे, शाळेच्या संघाचे निशाण करावयाचे. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा असे चार रंग मुलांनी निवडले. आठ डोळ्यांचा, म्हणजे दोन बाय चार डोळ्यांचा, एक पातळ ठोकळा तळाशी घ्यावयाचा. त्यावर दोन डोळ्यांच्या तीन पट्ट्या, तीन निराळ्या रंगांच्या, शेजारी शेजारी उभ्या बसवावयाच्या. चौथ्या रकान्याचे दोन डोळे मोकळे ठेवावयाचे, तेथे कडी. पट्ट्यांनी व्यापलेला भाग २४ × १६ मिलीमीटर होतो, आणि पाहा, हे प्रमाण बरोबर ३ : २ आहे!

आता प्रत्येकीचे निशाण निराळे कसे व्हावे? कडीजवळच्या पट्टीस चार रंगांतून एक निवडता येतो, दुसरीस उरलेल्या तिनांतून, तिसरीस उरलेल्या दोहोंतून. ४ × ३ × २ म्हणजे चोवीस निरनिराळी निशाणे. आम्हांस हवी होती बारा. मुलांनी चोवीसही नमुने रंगीत खडूंनी कागदावर काढले. प्रथम काहींचे एकोणीस भरले, काहींचे सव्वीस, कारण दोन दुबार आली होती. मग क्रम लावून लिहिण्याचे महत्त्व न सांगता कळले. प्रत्येक रंग सारखा वापरला जाईल अशा रीतीने त्यांतून बारा निवडले. त्यास प्रत्येक रंगाच्या नऊ, अशा एकूण छत्तीस पट्ट्या लागल्या. पिशवीत कमी पडल्या तेवढ्या सोलापूरहून आणविल्या.

कृती आणि दक्षता

ज्यांस हा उपक्रम करावयाचा असेल, त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगतो.

१. ठोकळे साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण सुकवावेत. तेलकट अंगावर गोंद धरत नाही.

२. तळाच्या ठोकळ्याच्या मोकळ्या रकान्यात, दोन डोळ्यांच्या मधल्या जागेत, सुमारे अडीच मिलीमीटरचे भोक पाडावे. हे काम हातगिरमिटाने शिक्षकाने स्वतः करावे. तापविलेल्या खिळ्याने भोक पाडू नये. जळत्या प्लॅस्टिकचा धूर मुलांच्या नाकातोंडात जाणे अपायकारक आहे.

३. पट्ट्या नुसत्या दाबून बसविल्या तर खिशात सुट्या होतात. म्हणून प्लॅस्टिकला चिकटणाऱ्या गोंदाचा एकेक थेंब द्यावा. हा गोंद बोटांस व डोळ्यांस वाईट. तो शिक्षकाच्याच हाती असावा. एक रात्र सुकू द्यावे.

४. ठोकळ्याची खालची बाजू पोकळ असते. तेथे २४ × १६ मिलीमीटरचा जाड पुठ्ठा चिकटवावा. त्यावर खेळाडूचे नाव लिहावे आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. ठोकळ्यांतून देवनागरी अक्षर करण्याचा प्रयत्न आम्ही करून पाहिला. शिरोरेषा, काना, वेलांटी ह्यांस इतक्या लहान जागेत वाव नाही. हाताने लिहिलेले नावच उत्तम.

५. भोकातून लोखंडी दुकानात मिळणारी दुहेरी वेढ्याची कडी ओवावी.

६. सुटे ठोकळे अंगणवाडीच्या बालकांच्या हाती पडू देऊ नयेत. ते गिळले जाण्याचे भय असते. कामाच्या आरंभी व शेवटी ठोकळे मोजून घ्यावेत.

ज्या शाळेत असे ठोकळे नाहीत, तिने ते विकत घेण्याच्या भरीस पडू नये. लाकडाच्या तुकड्यावर रंगीत सूत गुंडाळून, मणी ओवून किंवा भाजलेल्या मातीच्या टिकलीस रंग देऊनही हेच काम साधते. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मुलांस अवश्य न्यावे. प्राचीन तगर नगरीतील कारागिरांनी केलेले मणी आणि मातीच्या लहान मूर्ती तेथे आहेत. हाताने मन लावून केलेली लहान वस्तू किती काळ टिकते, हे ते संग्रहालय शिकविते.

भेट कोणास द्यावी?

साखळ्या तयार होण्यास अपेक्षेपेक्षा अधिक दिवस लागले. नियम शोधण्यात आणि नमुने मोडण्यात वेळ गेला होता. दरम्यान तालुका स्पर्धा झाली आणि आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरून परतला. मुली खाली मान घालून वर्गात बसल्या. येथे माझी दुसरी चूक होता होता राहिली. मी मनात म्हटले, आता हा समारंभ कशास? पुढच्या वर्षी जिंकल्यावर देऊ. साखळ्यांचा डबा मी कपाटात ठेवला.

तिसऱ्या दिवशी पाचवीतील एक लहान मुलगी माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, “गुरुजी, ताया हरल्या म्हणून त्यांच्या किल्ल्या हरवणार नाहीत का?”

बंधुभगिनींनो, ह्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण बक्षीस आणि भेट ह्या दोन गोष्टींत गल्लत करितो. बक्षीस विजयास असते. ते मोजून दिले जाते. भेट माणसास असते. आमच्या मुलांनी ती वस्तू एका गरजेतून केली होती, आणि ती गरज सामन्याच्या निकालाने बदललेली नव्हती. त्याच दिवशी परिपाठानंतर साखळ्या दिल्या. ज्या मुलाने जिची साखळी केली, त्यानेच ती तिच्या हाती ठेवली. राखीव तिघींसही तितक्याच मानाने दिली. भाषणे झाली नाहीत. एका राखीव मुलीने आपली साखळी उलटी करून स्वतःचे नाव वाचले, आणि ते बराच वेळ वाचीत राहिली. संघाच्या यादीबाहेर तिचे नाव कोणी लिहिल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

धातूची वस्तू अंगावर ठेवून खेळणे धोक्याचे असते. म्हणून मैदानाच्या बाजूच्या भिंतीवर आम्ही एक फळी लावली आणि तिला बारा खिळे ठोकले. सरावास आले की प्रत्येकीने आपली साखळी आपल्या खिळ्यास अडकवावी आणि जाताना घेऊन जावे. रंगांचा क्रम निरनिराळा असल्याने अदलाबदल होत नाही. शिक्षकालाही दुरून कळते, आज कोण आली नाही.

हा रिकामा खिळा पुढे पुष्कळ बोलू लागला. आपणांस माहीतच आहे, दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. आमच्या संघातील तीन मुलींची घरे त्या वर्षी जाणार होती. त्या तीन घरी मी गेलो. किल्ली हरविलेल्या मुलीची आई म्हणाली, “गुरुजी, पोरगी मागं राहिली तर घर उघडं राहील, दिवा लागेल. पण तिच्या जेवणाचं काय?” गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली होती आणि आजी घरी होती. पुष्कळ विचार करून आईवडिलांनी तिला मागे ठेवले. निघताना नवीन कुलपाची किल्ली त्यांनी तिच्या लाल-पिवळ्या-निळ्या साखळीस लावून दिली. बाकीच्या दोघी मात्र गेल्या. त्यांच्या खिळ्यांवर आम्ही दुसरे काही टांगले नाही. गुढीपाडव्यानंतर त्यांपैकी एक परत आली आणि पहिल्याच दिवशी तिने आपली साखळी खिळ्यास अडकविली. दुसरी अद्याप आलेली नाही. तिचा खिळा रिकामा आहे, आणि रोज तो मला विचारतो की तिच्या ठावठिकाण्याचा शोध मी किती केला.

एका साखळीने स्थलांतर थांबते, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु आपली येथे एक जागा आहे, ती आपल्यावाचून रिकामी राहते, हे मुलास कळणे ही लहान गोष्ट नव्हे.

खेळाडू आणि गाव

आपला जिल्हा खो-खोच्या बाबतीत भाग्यवान आहे. धाराशिवच्या सारिका काळे ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८ विरुद्ध ४० असा पराभव केला; त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. ह्या खेळास लागते ती मोकळी जमीन, दोन खांब आणि पळणारे पाय. खेड्यातील मुलीस जगज्जेती होण्याची वाट ह्याच मैदानातून जाते.

परंतु त्या वाटेवर तिला गावाची साथ हवी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा त्यांच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी जमविली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन ते परतले, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे प्रसिद्धच आहे. मिरवणूक सर्वांच्या लक्षात राहते, वर्गणी फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. वस्तुतः पदकाच्या आधी दिलेली वर्गणी हीच खरी भेट. ऑलिंपिकमध्ये निरनिराळ्या देशांचे खेळाडू लहान लहान बिल्ले एकमेकांस देतात, त्याचेही मर्म तेच. जिंकणारा आणि हरणारा दोघेही ते देतात व घेतात.

समारोपादाखल एवढेच सांगतो. कार्यानुभवाची वस्तू निवडताना प्रथम पाहावे की तिची कोणास खरी गरज आहे. राष्ट्रध्वजाशी संबंध येईल तेथे संहिता आधी वाचावी, हौस मागून करावी. आपली चूक झाली तर मुलांसमक्ष कबूल करावी. त्याने गुरूचा मान कमी होत नाही, हे अनुभवाने सांगतो. आणि खेळाडूस द्यावयाची भेट निकालाची वाट पाहत कपाटात ठेवू नये.

येथून परत जाताना मला त्या मुलीच्या नव्या शाळेचा पत्ता विचारीत जावयाचे आहे. आपल्यापैकी कोणाच्या गावाजवळ कारखान्याची वस्ती असेल आणि तेथे पांढऱ्या-निळ्या-लाल साखळीची एखादी मुलगी आढळली, तर कृपा करून मला कळवावे.